चाकामागचं पाणी

गाडी शेडकडे वळली तेव्हा तिच्या आत पाणी खळखळलं, आणि तो आवाज वाल्मीकनं उभ्या जागेवरून ऐकला. अर्ध्या भरलेल्या हंड्याला हिसका बसावा तसा. गाडी थांबल्यावरही आतलं पाणी थांबायला आणखी थोडा वेळ लागला.

त्यानं हातातला पाना बाकावर ठेवला. गाडी ओळखीची होती. छोटी, निळी, बारा वर्षं वापरलेली. तीन आठवड्यांपूर्वी त्यानंच ती "कोरडी झाली, सिस्टर" म्हणून परत दिली होती.

साधना सिस्टर चपला हातात घेऊनच उतरल्या. पेठ तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात त्या नर्स होत्या. नाशिकहून आठवड्यात तीन-चारदा जाऊन-येऊन करायच्या, सगळा रस्ता या गाडीनं.

"वाल्मीकदादा, आता पाय धुवायला नळावर जावं लागत नाही," त्या म्हणाल्या. "गाडीतच होतं सगळं."

नाथा पलीकडे एका जीपच्या दारावर हातोडी मारत होता. शेड दोघांची होती. पत्र्याचं काम नाथाचं आणि पाण्याचं वाल्मीकचं. त्यानं मान न वळवता म्हटलं, "चार मासे सोडा आत, सिस्टर. श्रावण संपला की कामाला येतील."

सिस्टर हसल्या. वाल्मीकनं हसायचा प्रयत्न केला.

"आधी पायावर थेंब पडायचा," त्या सांगू लागल्या. "तुम्ही केल्यावर दोन-अडीच आठवडे अगदी छान. मग परवाचा पाऊस. सावळघाटात दुसऱ्या वळणावर होते. धुकं. एकदम दिवे गेले. वायपर गेला. मागून एसटी येत होती, तिचा नुसता हॉर्न ऐकू येत होता. आणि माझ्या मागच्या सीटवर बाळंतीण. ॲम्ब्युलन्स दुसऱ्या गावाला गेलेली, म्हणून मीच घेऊन निघाले होते."

"मग?"

"मग काय. तिच्या सासूला टॉर्च देऊन पुढे चालवलं. ती चालतेय आणि मी तिच्या मागे गाडी. पाऊण तास." त्यांनी चपला घातल्या. "शेजारचे म्हणाले, दुसऱ्या गॅरेजला न्या. म्हटलं, नाही, हे वाल्मीकदादांच्या हातचं काम आहे, त्यांनाच कळेल. मी जिल्हा परिषदेत रिपोर्ट देऊन तीनपर्यंत येते. चारला निघायला हवं, उजेड आहे तोवर घाट ओलांडायचाय."

रिक्षा करून त्या गेल्या. वाल्मीक गाडीपाशी उभा राहिला. 'हातचं काम' म्हणाल्या होत्या त्या. त्यानं स्वतःच्या बोटांकडे बघितलं.

नाशिकच्या द्वारका चौकामागच्या गॅरेजांच्या रांगेत त्याला पाणीवाला वाल्मीक म्हणत. गाडीत पाणी येतं, कुठून ते कळत नाही, अशा जुन्या गाड्या जूनपासून त्याच्याकडे लागत. हे काम इतर कुणी आनंदानं करत नसे. पाणी जिथे दिसतं तिथून ते शिरलेलं नसतं. छताच्या कडेनं आत येतं, वायरींच्या जुडग्यावरून चालत जातं आणि चार फूट लांब कुणाच्या तरी पायावर पडतं. वाल्मीकची पद्धत साधी होती. नाथा बाहेरून झारीनं पाणी घालायचा. सुरुवात खालून. आधी दाराची तळाची कड, दहा मिनिटं. मग दाराची काच, मग पुढची मोठी काच, छत सगळ्यात शेवटी. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून एकदमच ओघळतं आणि काहीच कळत नाही. वाल्मीक आत बसायचा, डोळे मिटून, हात डॅशबोर्डच्या खाली. ओलावा म्हणून वेगळं काही बोटाला कळत नाही, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, पण माहीत होतं. पाणी आधी गार लागतं, मग बोट सरकतं. तो गारवा पत्र्याच्या कोणत्या सांध्यात पहिल्यांदा लागला, तेवढं धरून तो मागे मागे जायचा. "आलं," तो आतून म्हणायचा. नाथा झारी तिथेच थांबवायचा.

एप्रिलमध्ये चहाचा पेला हातात असताना नाथा म्हणाला होता, "दादा, इतका कढत पेला कसा धरलाय रे?" तेव्हा त्यानं पेला घाईनं खाली ठेवला. संध्याकाळी दोन बोटांच्या टोकांना फोड आले.

त्यानंतर रोज सकाळी तो डोळे मिटून बादलीत एकेक बोट बुडवून बघायचा. मे संपेपर्यंत उजव्या हाताची तीन बोटं गेली होती. डाव्या हाताची करंगळी बरेच दिवस टिकली. जुलैत एका सकाळी तीही बादलीत गेली आणि काहीच कळलं नाही.

त्याचे वडील, सहादू, यांचंही असंच सुरू झालं होतं, पण पायापासून. आधी चप्पल निसटलेली कळायची नाही. मग काच घुसलेली कळली नाही. साखर आहे, असं सिव्हिलमध्ये सांगितलं, तोवर अंगठा काळा पडला होता. आधी अंगठा काढला, मग पाऊल, मग गुडघ्याखालून पाय. वाल्मीक तेव्हा रोज डबा घेऊन जायचा, आणि चादरीखाली जिथे पाय असायला हवा तिथे चादर सपाट दिसायची. म्हणून तो डॉक्टरकडे गेला नाही. गेलं की ते नाव घेणार. बायकोला सांगितलं नाही, नाथालाही नाही.

दुपार होईतो त्यानं मॅट काढली, डब्यानं पाणी उपसलं, फडक्यानं पुसलं. स्टिअरिंगखाली फ्यूजचा डबा होता. त्याच्या झाकणावर पाण्याची रेघ वाळून पांढरी झाली होती. म्हणजे पाणी वरून पडलं होतं, आणि पुष्कळ पडलं होतं. वरून म्हणजे पुढच्या काचेखालून. तिथे बॉनेट आणि काच यांच्यामध्ये जाळीखाली पत्र्याची एक पन्हळ असते. काचेवरचं पाणी तिच्यात उतरतं आणि टोकाच्या भोकातून खाली, पुढच्या चाकामागे जमिनीवर पडतं. ते भोक बुजलं तर पन्हळ भरते. भरून कुठे जाणार? शेजारीच हवा आत घ्यायचं तोंड असतं. त्यातून थेट फ्यूजवर.

तीन आठवड्यांपूर्वी त्यानं त्याच पन्हळीत हात घातला होता.

जाळीचे स्क्रू गंजलेले होते, ओढले तर पत्राच फाटेल, म्हणून वायपर काढून फटीतून हात घातला होता. आतलं दिसत नाही, चाचपूनच काम. भोकात बोट गेलं. गंजून पडलेल्या भोकाची कड खरखरीत असते, बोट ओरबाडते. कारखान्यानं ठेवलेल्या भोकाची कड गुळगुळीत, आत वळवलेली. हा फरक त्याला वीस वर्षं न विचारता कळायचा. त्या दिवशी फक्त एवढंच कळलं, की बोट कशाततरी गेलं. त्यानं फटी बुजवायचं काळं सीलंट दाबून भरलं, सांध्यावरही सढळ हातानं फासलं. नाथा गावाला गेला होता. त्यानं स्वतःच झारीनं दहा मिनिटं पाणी घातलं, आत डोकावला, कोरडं होतं. पन्हळ भरायला दहा मिनिटं पुरत नाहीत, हे त्याला तेव्हाही माहीत होतं. आणि पाणी घालणाऱ्यानं वाकून चाकामागे बघायचं, ही त्याचीच नाथाला लावलेली शिस्त. तो वाकला नव्हता. कधी एकदा गाडी जाते असं झालं होतं.

आता त्यानं बाही वर केली आणि फटीत हात घातला. मनगट आत गेलं. पुढचं सगळं दुसऱ्या कुणाचं असावं तसं. सीलंटची गाठ लागतेय का, कड लागतेय का, काही नाही. त्यानं बोट दाबलं. दाबलं गेलं की नाही, तेही खांद्याला लागणाऱ्या जोरावरून कळलं. वर आभाळ पेठच्या बाजूनं भरत होतं. त्यानं श्वास धरला आणि आणखी जोर केला.

"दादा," नाथा जवळ आला होता. हातोडीचा आवाज थांबला होता. "रगत."

"कुठं?"

"कुठं म्हंजे? हाताखालून ओघळतंय. बॉनेटवर बघ."

वाल्मीकनं हात बाहेर काढला. मधल्या बोटाचं पेर उघडं पडलं होतं. त्यानं ते बघितलं, दुसऱ्याच्या जखमेकडे बघतात तसं. मग नाथाकडे बघितलं. नाथा आधी जखमेकडे, मग त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिला.

"कवापासून?" त्यानं विचारलं.

"उन्हाळ्यापासून."

नाथानं हातोडी खाली ठेवली. त्यानं बाही सारली आणि स्वतःचा हात फटीपाशी नेला. पंजाच आत जाईना. "हे फावडं हे," तो स्वतःच्या हातावर वैतागून म्हणाला. "वहिनीला बोलवू का?"

"नको."

"मग कोणाला बोलवू? सिस्टरला? म्हणू, तुमची गाडी तुम्हीच चाचपा?"

लताबाई चौकाच्या कोपऱ्यावर हार विकायची. वाल्मीकची बायको. श्रावणात तिची बोटं दिवसभर ओल्या झेंडूत आणि दोऱ्यात असायची. पाच मिनिटांत ती आली, पदर खोचलेला, हारांची लांब सुई दंडावर ब्लाउजला अडकवलेली. नाथानं वाटेत काय सांगितलं असेल ते तिच्या तोंडावरून कळत होतं. तिनं वाल्मीकचा हात धरला, पालथा केला, सोडून दिला.

"म्हणून तांब्या सुटतो व्हय हातातून," ती म्हणाली. "आन मला म्हंता, तू तेलकट ठेवती."

"लता..."

"मामंजींच्या येळंला बी अशीच थापा मारायची पद्धत व्हती घरात. काय करायचंय ते सांगा."

तो तिच्या बाजूला उभा राहिला. "बांगड्या काढ. हळू घाल. कडा धारदार हायेत."

"कडा मला कळत्यात," ती म्हणाली. तिचा हात सहज आत गेला. कोपरापर्यंत.

"डावीकडं सरक. टोकाला. भोक लागंल."

"पाणीच हे सगळं. पालापाचोळा." ती डोळे मिटून होती. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. "हां. लागलं. दोन हायेत."

"दोन?"

"एक बारकं. बोटाला चावतंय. ते बुजलंय, चांगलं बसलंय. दुसरं मोठं, त्यात बी काळं मेणासारखं भरलंय." ती थांबली. "ह्याची कड चावत नाय. गोल हे, आत मुडपलेली. बांगडीवानी."

वाल्मीक गाडीच्या बंपरवर बसला. नाथानं दुसरीकडे बघितलं. मोठं भोक वाट होतं, बारकं गंज. त्यानं दोन्ही बुजवली होती, आणि पावसाळी धुक्यात सिस्टरच्या पुढे एक म्हातारी टॉर्च घेऊन चालत गेली होती.

"आवं, ऐकू येतंय का? ह्याचं काय करू?"

"काढ," तो म्हणाला. "मोठ्यातलं तेवढं काढ. बारक्याला हात लावू नको."

तिनं दंडावरची सुई घेतली. बराच वेळ तिचा खांदा तेवढा हलत होता. मग आत काहीतरी सुटलं, आणि चाकामागे धबाक्कन पाणी पडलं, तपकिरी, कुजक्या पानांसकट. शेवटी काळ्या सीलंटचा बोळा आला, अंगठ्याएवढा. वाल्मीकनं तो उचलून खिशात ठेवला.

फ्यूज बदलून, डबा पुसून, झारीनं सगळं नीट तपासून होईतो पावणेतीन झाले. या वेळी नाथा प्रत्येक टप्प्याला वाकून चाकामागे बघत होता.

"झालं ना?" तो हळूच म्हणाला. "आता गप राहा. सिस्टरला सांग, काचंचं रबर गेलं व्हतं. रबरं जात्यातच."

वाल्मीकनं झारी उचलून जागेवर ठेवली. लताबाई नळावर हात धूत होती. हात पुसून झाल्यावरही ती कोपऱ्यावर परत गेली नाही.

सिस्टर आल्या त्या हातात भज्यांचा पुडा घेऊन. "घ्या, गरम आहेत. झाली का?"

"झाली." वाल्मीक उभा राहिला. "सिस्टर, त्या बाळंतिणीचं काय झालं?"

"मुलगी झाली. अडीच किलो. बरी आहे दोघींची तब्येत. का?"

त्यानं खिशातून बोळा काढून बॉनेटवर ठेवला. "हे मी भरलं व्हतं. पाणी जायच्या वाटंत. त्याच्यानं गाडी भरली आन फ्यूज गेले. चूक रबराची नाय, माझी हाय." तो थांबला. त्यानं दोन्ही हात पालथे करून बॉनेटवर ठेवले. "बोटाला काय कळत नाय आता. उन्हाळ्यापासून. तरी मी तुमची गाडी घेतली."

भज्यांचा पुडा सिस्टरांच्या हातात तसाच होता. पेठ रोडकडून गार वारा आला आणि शेडचा पत्रा एकदा वाजला.

"त्या वळणावर कठडा नव्हता, दादा," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. चढलेला असता तर त्याला बरं वाटलं असतं. त्यांनी पुडा नाथाकडे दिला. "बसा इथे. हात पुढे करा."

तो बाकावर बसला. त्यांनी पर्समधून पेन काढलं, रिफिल बाहेर काढली.

"डोळे मिटा. टोचलं की सांगायचं. अंदाजानं बोलायचं नाही."

त्यानं डोळे मिटले. चौकातले ट्रक ऐकू येत होते. नाथाचं भजं चावणंही थांबलं होतं. लताबाईचा श्वास त्याच्या डाव्या कानापाशी होता. तो वाट बघत राहिला. इतका वेळ का लावतात, असं त्याला वाटलं.

"टोचा की, सिस्टर."

"टोचतेय, दादा."

तो हलला नाही.

"आता?"

"नाय."

"आता?"

"नाय."

त्या बोटाच्या टोकापासून वर येत होत्या, हे त्याला अंदाजानंच कळलं. पहिलं पेर, दुसरं पेर, तळवा. सगळ्यात खालून सुरुवात, एकेक टप्पा, घाई नाही. ही पद्धत त्याला ठाऊक होती. मिटल्या डोळ्यांआड त्याला चादर दिसली, सपाट. पुढे कितीपर्यंत जाईल? मनगट? कोपर?

मग मनगटाच्या आत, शिरेवर, बारीक गार टोक लागलं.

"आलं," तो म्हणाला.

डोळे उघडले तेव्हा सिस्टर रिफिल पेनात घालत होत्या. "उद्या सकाळी सिव्हिल. उपाशीपोटी. मी आठ वाजता तिथे असेन." मग त्यांनी त्याच्या पायांकडे बघितलं. वाल्मीकनं बूट बाकाखाली ओढून घेतले.

"दाखवा," लताबाई म्हणाली.

"उद्या," तो म्हणाला.

"उद्या काढावेच लागतील," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी घड्याळ बघितलं, आभाळ बघितलं. "मी केंद्रावर फोन करून येते, आज येत नाही म्हणून. झारीवर मी आता विश्वास ठेवणार नाही. पाऊस येतोय. त्यात गाडी उभी करा. मग ठरवू."

त्या एसटीडी बूथकडे गेल्या तोवर थेंब पडायला लागले. नाथानं गाडी शेडबाहेर ढकलली. आता आत कुणीतरी बसायला हवं होतं. नेहमीप्रमाणे वाल्मीकचा हात दाराच्या मुठीकडे गेला, आणि तिथेच थांबला. त्यानं दार उघडलं आणि बाजूला झाला.

"बस," तो लताबाईला म्हणाला.

"मी? पुढं?"

"हात खाली घाल, स्टिअरिंगच्या मागं. गार लागलं की सांग."

लग्नाच्या बावीस वर्षांत ती त्याच्या शेडमधल्या एकाही गाडीत बसली नव्हती. लुगडं सावरून बसली, सीट मागे सरकल्यावर जरा दचकली, मग तिनं हात खाली घातला आणि डोळे मिटले. त्यानं दार लावलं.

पावसानं जोर धरला. नाथा शेडच्या पत्र्याखाली पळाला. "दादा, भिजशील," तो ओरडला. वाल्मीक हलला नाही. पाच मिनिटं झाली, दहा झाली. ती दहा मिनिटं संपल्यावरही तो उभा राहिला, कारण पन्हळ भरायला वेळ लागतो. पाव तासानं तो वाकला. चाकामागे बोटभर जाडीची धार पडत होती, स्वच्छ, न तुटता.

तो उठून काचेपाशी आला. आतून काच धुरकट झाली होती. लताबाईनं मोकळ्या हातानं ती पुसली, तेवढ्या जागेतून तिचा चेहरा दिसला.

"आलं का?" त्यानं विचारलं.

तिला ऐकू गेलं नसावं. पण तिनं त्याच्या ओठांकडे बघितलं आणि मान हलवली. नाही.

त्यानं तळहात काचेवर ठेवला, तिनं पुसलेल्या जागेवर. त्याच्या बोटांमधून पाणी ओघळून खाली जात होतं. काच ओली आहे, हे त्याला दिसत होतं.